वैशाखात पाहिलेलं घर

प्रिय मिहीर आणि सई,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात, त्यामुळे निम्मं मला कळलं नाही. पण तुमचे आईबाबा तिकडे कॅनडात नवं घर घेताहेत आणि दर शनिवारी तुम्ही चौघं घरं पाहत हिंडता, एवढं नीट समजलं. मिहीरने विचारलं, "आजी, तू केडगावचं घर घेतलंस तेव्हा आधी काय बघितलंस?" मी म्हटलं, याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, लिहून पाठवते. आज इथे वैशाख लागला. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. ते उत्तर लिहायला याहून योग्य महिना मला सापडणार नाही, म्हणून बसले आहे. आजोबा पंख्याखाली वर्तमानपत्र घेऊन बसलेत आणि मी काय लिहिते आहे ते तिरक्या नजरेने पाहताहेत.

तुम्ही इकडे येता ते डिसेंबरात. तेव्हाचं नगर म्हणजे सकाळचं धुकं, हुरडा, बोरं आणि गोधडीतून बाहेर न निघणारे तुम्ही. आमच्या गच्चीवरून तेव्हा लांबवर कांद्याची हिरवी शेतं दिसतात. एकदा सईने विचारलं होतं, "इथे सगळे दुष्काळ दुष्काळ म्हणतात, तो असतो कुठे?" बाळ, तो उन्हाळ्यात येतो, आणि तेव्हा तू इथे नसतेस. मुरूम इतका तापतो की संध्याकाळ झाली तरी त्यातून वाफा निघत राहतात. वाऱ्याला भाजलेल्या मातीचा वास असतो. बाभळीच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात. गुलमोहोर तेवढा कुणाची पर्वा न करता फुललेला. पुण्याच्या रस्त्याने टँकर पाणी सांडत जातात आणि त्यांच्या मागे डांबरावर एक ओली रेघ उमटते. चिमण्या त्या रेघेवर उतरतात आणि ती वाळायच्या आत चोच बुडवून घेतात. ते पाहिलं की मला अजूनही तो एक उन्हाळा आठवतो. मिहीर, तू तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होतास आणि सई रांगत होती.

हे घर आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते गणपतीच्या दिवसांत. घर तसं नव्हतंच. खांब होते, दोन स्लॅब होते आणि पुढच्या बाजूला नुकताच घेतलेला बोअर होता. बांधणारा दत्ताशेठ माझा विद्यार्थी. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. आता लोक त्याला शेठ म्हणतात, पण मला तो 'बाई'च म्हणतो. त्या दिवशी त्याने बोअरला हार घातला, नारळ फोडला आणि पंप सुरू केला. हत्तीच्या सोंडेएवढी धार उसळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर केले. बायकांनी धारेखाली हात धरून डोळ्यांना पाणी लावलं. "बाई, चव बघा," दत्ता म्हणाला. मी ओंजळ धरली. पाणी गोड होतं. आठवड्याभरात सगळी घरं बुक झाली. त्यात आमचंही होतं, तिसऱ्या मजल्यावरचं.

भाद्रपदात आमच्या भागातले सगळेच बोअर श्रीमंत असतात. तिथे उभं असलेलं प्रत्येक माणूस याच जिल्ह्यात वाढलेलं होतं. उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत उभं न राहिलेलं त्यांत कुणीच नसेल. तरी कुणी विचारलं नाही की ही धार मे महिन्यात केवढी असेल. मला वाटतं, ही चूक आमच्याच इथली माणसं करू शकतात. जिथे पाणी नेहमीच असतं तिथली माणसं त्याची चौकशी करतील. ज्यांनी आयुष्यभर पाण्याची वाट पाहिली, ती पाणी दिसलं की हात जोडतात.

पुढच्या चैत्रापर्यंत इमारत उभी राहिली. रंग लागला, जिन्याला कठडे बसले, खिडक्यांच्या काचांवरची निळी प्लॅस्टिकं निघाली. महापालिकेची पाण्याची लाइन मात्र तेव्हा आमच्या गल्लीपर्यंत पोचलेली नव्हती. जिथे लाइन नाही तिथे बांधणाऱ्याने पाण्याची सोय करून द्यायची, आणि ती पुरेशी आहे असं दिसल्याशिवाय लोकांनी राहायला जायचं नाही, असा नियम आम्हाला सांगितला होता. नियम उत्तमच. माणशी पाणी किती लागतं याचाही त्यात विचार होता. ते पाणी कोणत्या महिन्यात मोजायचं एवढंच त्यात नव्हतं. दत्ताशेठने ते गणपतीत मोजलं होतं. आता आम्ही, 'पाण्याची सोय पाहिली, ती पुरेशी आहे,' असं लिहून सही केली की किल्ल्या हातात पडणार होत्या. आणि तो मोकळा होणार होता.

आम्हाला घाई होती. आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं. पाऊस लागायच्या आत जागा रिकामी करून द्यायची होती. साठवलेलं सगळं या तिसऱ्या मजल्यात घातलेलं. आजोबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. ते म्हणाले, "सही करून टाकू. पाण्याचं पुढं बघू. टँकर येतातच की."

(आत्ता हे वाक्य वाचून ते म्हणताहेत, "मी असं म्हणालो नव्हतो." म्हणाले होते.)

याच वेळी आमच्या आयुष्यात सुमनताई आल्या. तुम्ही त्यांना ओळखता. तळमजल्यावरच्या, तुम्हाला शेंगदाण्याची चटणी बांधून देणाऱ्या सुमनआजी त्या याच. त्या आणि रामभाऊ मूळचे जामखेडकडचे, कोरडवाहू शेतीवाले. नातवंडांच्या शाळेसाठी त्यांनी नगरला घर घेतलं होतं. त्या दिवशी सगळे घरवाले पार्किंगच्या सावलीत जमलो होतो आणि प्रत्येक जण आपापलं पेन चाचपत होता. सुमनताईंनी पदर खोचला, बोअरभोवती एक फेरी मारली आणि थेट माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमची सोयरीक कोन्त्या म्हैन्यात ठरली?"

"दिवाळीनंतर. का हो?"

"म्हंजे फसवलं तुमाला."

सगळे हसले. आजोबा सर्वांत मोठ्याने हसले. सुमनताई सांगू लागल्या, "आमच्याकडं पोरगी द्यायची तर स्थळ वैशाखात बघत्यात. दिवाळीला काय, समद्यांच्याच दारात हिरवं असतंय. माझा बाप भर उन्हाचा आला, पानी सुदिक पिला न्हाई. आदी हिरीत वाकून बघितलं, मंग ह्यांच्याकडं."

"व्हय," रामभाऊ म्हणाले. "आन् म्हनला, हीर चांगली हाय."

"आणि मुलगा कसा आहे म्हणाले?" कुणीतरी विचारलं.

"पोराचं काय म्हनलाच न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "मला तवाच कळाया पायजे हुतं."

हसणं ओसरलं तसा त्यांचा आवाज बदलला. "ह्या घराची आपुन भादव्यात सोयरीक केली. झालं ते झालं. पर अक्षता अजून पडल्या न्हाईत. वैशाखात पानी बघू, मंग टाकू."

पेनं खिशात गेली. मी शिक्षिका, मला प्रत्येक गोष्टीची शिस्त लागते. तिथेच ठरवून घेतलं की पंप वैशाखात चालवायचा, सगळ्यांसमोर, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी जी धार उरेल ती खरी धरायची. तोवर कुणी एकट्याने जाऊन सही करायची नाही. आजोबांकडे पाहून हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

हा निरोप घेऊन मीच दत्ताकडे गेले. त्याच्या ऑफिसात एसी होता आणि भिंतीवर आमच्याच इमारतीचं चित्र होतं, त्यात कारंजं काढलेलं.

"बाई, गणपतीत बघितलं की तुम्ही. चव पण घेतली."

"घेतली ना. आता वैशाखातली चव बघायची आहे."

"पाणी येईल हो बाई. पुढच्या वर्षी लाइनसुद्धा येईल."

"दत्ता, शाळेतही तुझं हेच होतं. आजचा गृहपाठ विचारला की तू उद्याचं सांगायचास."

तो कान खाजवत हसला. म्हणाला, "बरं. लावू पंप. पण पाणी आलं तर तिथंच सह्या करायच्या."

"तिथंच," मी म्हटलं.

वैशाखातल्या त्या पहिल्या सकाळी दत्ताशेठने मांडवच घातला. खुर्च्या होत्या, मठ्ठ्याचं पिंप होतं. पंप सुरू झाला आणि धार आली, तीच हत्तीची सोंड. आजोबांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मठ्ठा फिरू लागला. सुमनताई मात्र खुर्ची सोडून बोअरच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या होत्या, दुधावर लक्ष ठेवून बसावं तशा. ऊन मांडवाच्या कडेपर्यंत आलं तोवर धार मनगटाएवढी झाली होती. मग करंगळीएवढी. मग पाइप खोकला, लाल गढूळ चूळ टाकली, आणि संपलं. मठ्ठा अजून निम्मा शिल्लक होता.

"लाइट डीम झाली," दत्ताशेठ म्हणाला.

"लाइट झाक हाय, शेठ," सुमनताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुमचं त्वांड डीम झालंय."

या वेळी कुणी हसलं नाही. पंप बंद केला तेव्हा अशी शांतता पसरली की मांडवाच्या कापडाचं फडफडणं ऐकू येऊ लागलं. आजोबा जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि ते वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहत होते. मला कळत होतं ते काय मोजताहेत. टँकर खालच्या टाकीपर्यंत येईल. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी बादली वर कोण नेणार? सही केली तर जन्मभर हे. नाही केली तर पावसाळ्यात डोक्यावर छप्पर कुठलं? दत्ताशेठ बोअर आणखी खोल न्यायचं बोलू लागला आणि दोघंचौघं मान डोलवू लागले. कोरड्या खडकात आणखी खोल, एवढंच आम्हाला सुचत होतं.

रामभाऊंना अशा वेळी माणसांत थांबवत नसे. ते उठून इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे पत्रे टाकून झाकलेली एक जुनी विहीर होती. ही सगळी जमीन पूर्वी मोसंबीची बाग होती, तिची ती विहीर. आम्ही सगळ्यांनीच ती पाहिली होती, पण ती कचऱ्याची जागा म्हणून. बांधकामाचा राडारोडा तिच्यात ढकलला जात होता. ती बुजवून तिथे गाड्या लावायच्या ठरल्या होत्या. रामभाऊंनी एक पत्रा सरकवला आणि सवयीने एक खडा आत टाकला.

त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. डुबुक.

सुमनताई उठल्या. "शेठ, ही हीर कुनाची?"

"जुनी आहे ती. बुजवायचीय. दोन गाड्या लागतील तिथं."

"गाड्या काय पिनार?"

दत्ताशेठ आठवडाभर चिडलेला होता, हे सांगायला हवं. गाळ काढून काही निघणार नाही, मग बोअर खोल न्यायला उशीर झाला म्हणून आपल्या नावाने बोलायचं नाही, असं त्याने बजावलं. पण सही कुणी करत नव्हतं, आणि आम्ही सगळे एकत्र होतो. शेवटी तो म्हणाला, "करा तुमच्या मनासारखं. यारी मी आणतो." यारी म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढायचं यंत्र, काठावर उभं असतं, लोखंडी हात आत सोडून बसलेलं. रामभाऊंच्या ओळखीची जामखेडकडची माणसं ऊसतोडीवरून नुकती परतली होती, ती यारीवर आली.

मुलांनो, त्या उन्हाळ्याचे वास मला अजून येतात. आधी विहिरीतून आलं ते आमच्याच इमारतीचं: सिमेंटच्या गोण्या, फुटक्या विटा, फरशीचे तुकडे. त्याखाली बाग निघाली. सडलेल्या पानांचा काळा लगदा, आणि त्याला, खोटं वाटेल, मोसंबीच्या सालीचा अगदी पुसट आंबूस वास. तळ न उरलेलं एक तांब्याचं भांडं. मग शुद्ध गाळ, लोण्यासारखा. आणि एका दुपारी विहिरीच्या तोंडातून गार हवा वर येऊ लागली. बाहेर लाही फुटेल असं ऊन, आणि काठावर वाकलं की चेहऱ्याला माठाच्या पोटासारखा गारवा. आम्ही बायका गच्चीवर कुरडया घालत होतो. घर आमचं नव्हतं अजून, पण गच्ची आम्ही ताब्यात घेतली होती. चिकाचा सोऱ्या दाबता दाबता एकेक जण खाली जाऊन विहिरीचा गारवा तोंडावर घेऊन येत असे. चहाच्या पाळ्या मी लावल्या होत्या आणि त्या पाळल्या गेल्या. आजोबांना काही काम नव्हतं. ते निंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि पाटी वर आली की विचारत, "आलं का?" तिसऱ्या दिवसापासून यारीवाले खालूनच ओरडायचे, "आलं की फोन करतो, आजोबा!"

आलं ते सकाळी, चहाच्या वेळी. खालचा माणूस पहारीने कपारीतला चिखल उकरत होता. त्याची हाक वर आली, "फुटला! झरा फुटला!" मग दुसरी, "हिकडं पन हाय!" कप तिथेच ठेवून सगळे काठावर धावलो. सुमनताई ओरडत होत्या, "मागं व्हा, मागं व्हा, पडताल एखांदं!" आणि स्वतः सर्वांत पुढे होत्या. काळ्या दगडाच्या भेगेतून पाणी घरंगळत होतं, आवाज न करता, एखाद्याने बोलायचं मनातच ठेवावं तसं. पण थांबत नव्हतं. एक बादली वर आली. आम्ही सगळ्यांनी तीत हात घातले. दत्ताशेठनेही घातला. या वेळी मला कुणी चव बघा म्हणालं नाही, तरी मी बघितली. किंचित मचूळ होती. मला ती भाद्रपदातल्या चवीपेक्षा आवडली.

दुसरी परीक्षा महिना सरायच्या आत झाली. मांडव नाही, मठ्ठा नाही. उजाडताच विहिरीवरचा पंप सुरू केला, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं आणि प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडायचा असं ठरलं. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी उभी होते. रिकामं घर, ओल्या चुन्याचा आणि रंगाचा वास, ओट्यावर धूळ. नळ फुस्सकन फुसफुसला, तांबूस थेंब पडले, आणि मग पाणी. खालून आजोबांची हाक आली, "आलं का?"

"आलं!" मी खिडकीतून ओरडले. आयुष्यभर वर्गात मुलांना ओरडू नका म्हणत आले, पण त्या दिवशी मी ओरडले. वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, खालच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, सगळी इमारत ओरडत होती. आजोबा कठड्याला धरून तिन्ही मजले चढून आले आणि नळाखाली मनगटं धरून बराच वेळ उभे राहिले.

पंप दिवसभर चालला. संध्याकाळी धार सकाळएवढीच होती. विहीर खाली गेली होती, हे खरं. म्हणून आम्ही रात्रभर तिला एकटं सोडलं आणि सकाळी पाहायला गेलो. पंप लावण्याआधी विहिरीच्या दगडावर केलेल्या खुणेपर्यंत पाणी परत चढलं होतं. सह्या तिथेच, विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून झाल्या. एक अट मी वाढवून घेतली की गच्चीवर पडेल तो पाऊस पन्हाळीतून, वाळूच्या खड्ड्यातून गाळून याच विहिरीत सोडायचा. दत्ताशेठने मान डोलवली. सुमनताईंनी पदराच्या गाठीतून कुंकू लावलेल्या अक्षता काढल्या आणि काही विहिरीत, काही दत्ताशेठच्या डोक्यावर टाकल्या. "घ्या, लागलं लगीन," त्या म्हणाल्या. "आता नांदवा नीट."

पहिला पाऊस पडला तेव्हा आम्ही घरात होतो.

यानंतर इथे बरंच बदललं. आता आमच्याभोवती इमारतीच इमारती आहेत. महापालिकेची लाइनही आली. तिचं पाणी ठरलेल्या दिवशी येतं, आणि विहिरीचं रोज. आमच्या गल्लीत नवं काही उभं राहिलं की घर बघायला येणारे एकच विचारतात, "वैशाखात पंप चालवला का?" ज्यांनी चालवला नाही त्यांची घरं रिकामी पडून राहतात, म्हणून आता सगळेच चालवतात. दत्ताशेठने तर नव्या साइटवर फलकच लावलाय की वैशाखात या, पाणी पाहून जा. ती विहीर वाचवायची कल्पना त्याचीच होती, असंही तो लोकांना सांगतो. सुमनताई चिडतात. मी म्हणते, सांगू देत. शाळेत असताना तो कुठलंच उत्तर स्वतःचं म्हणून द्यायला धजत नसे.

तेव्हा मिहीर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. घर बघायचं ते त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत बघायचं. आमच्याकडे तो वैशाख असतो. तुमच्याकडे कदाचित जानेवारी असेल. नळ गोठतात तेव्हाचा. आत्ता तिथे फुलं आली असतील आणि सगळीच घरं सुंदर दिसत असतील. बाबांना सांग, घाई करू नका. आणि घर दाखवणारा माणूस हसला तर हसू द्या. आधी सगळेच हसतात.

इथे सगळं ठीक आहे. रामभाऊ गेल्या वर्षी गेले, ते तुम्हाला माहीत आहेच. नातवंडं शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे सुमनताई आता एकट्या असतात आणि पूर्वीइतक्याच मोठ्याने बोलतात. विहिरीवर जाळी बसवली आहे, कठड्याला यंदा चुना दिला. दर वर्षीप्रमाणे आज आम्ही पंप उजाडल्यापासून चालवला होता. आत्ता दिवस मावळतो आहे आणि मी खिडकीतून पाहते आहे. धार सकाळएवढीच आहे.